पुस्तकावर आक्षेप आला, तर ग्रंथालयाने काय करायचे?

बहुतेक आक्षेप तोंडी येतात. देवघेवीच्या टेबलाशी उभा असलेला वाचक पुस्तक पुढे सरकवतो आणि म्हणतो, "असलं पुस्तक तुम्ही ठेवताच कसं?" किंवा गावातल्या एखाद्या वजनदार माणसाचा कार्यवाहांना फोन येतो. पुढे जे घडते ते कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. ग्रंथपाल ते पुस्तक उचलून कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात ठेवतात. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, संगणकावरही ते शिल्लक दिसते, पण मागायला आलेल्याला "बाहेर गेलंय, पुढच्या आठवड्यात बघा" असे सांगितले जाते. बंदी कुणी घातलेली नाही, ठराव झालेला नाही, तरी पुस्तक वाचकाला मिळेनासे झाले. असे नाहीसे झालेले पुस्तक परत मिळवणे फार अवघड असते. निर्णयच झालेला नसेल तर दाद मागायची कशाविरुद्ध?

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे : तोंडी सांगण्यावरून पुस्तक जागचे हलवायचे नाही. आक्षेप लेखी घ्यायचा, पुस्तक पूर्ण वाचायचे, निर्णय कारणांसह द्यायचा, आणि तोवर पुस्तक वाचकांसाठीच्या नेहमीच्या कपाटातच राहील.

लेख महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि वाचक यांच्यासाठी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली आपली बहुतेक ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवतात. वर अध्यक्ष, कार्यवाह आणि मंडळ, आणि प्रत्यक्ष टेबलाशी तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल किंवा लिपिक. आक्षेपाचा सगळा भार या शेवटच्या माणसावर पडतो. त्याच्या हाती लेखी पद्धत नसेल तर तो पुस्तक लपवणारच. त्यात त्याचा दोष नाही, दोष त्याला एकटे सोडणाऱ्या मंडळाचा आहे.

कायदा काय म्हणतो, तेवढे आधी

संविधानाच्या कलम १९(१)(क) ने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. माहिती आणि विचार मिळवण्याचा हक्क त्यातच येतो, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. या स्वातंत्र्यावर मर्यादा घालता येतात, पण त्या कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठी आणि कायद्यानेच. एखाद्या संघटनेचे निवेदन, नगरसेवकाचा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर म्हणजे कायदा नव्हे.

एखादे पुस्तक सरकारजमा करायचे तर राज्य सरकारला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली अधिसूचना काढावी लागते. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होती. अधिसूचनेत सरकारला आपल्या मताची कारणे लिहावी लागतात. ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत कलम ९९ खाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, आणि तो तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. ही तरतूद आजही वापरली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने तिच्याखाली एकाच वेळी २५ पुस्तके जप्त घोषित केली.

अधिसूचनेला किती महत्त्व आहे, हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात दिसले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाविरुद्ध राज्य सरकारने काढलेली जप्तीची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली, आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुस्तक चांगले की वाईट, हा तिथे प्रश्न नव्हता. कोणत्या समाजगटांत वैर निर्माण होईल, हे अधिसूचनेत सांगितलेलेच नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. लक्षात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट : दाद मागणारे त्या पुस्तकाचे लेखक किंवा प्रकाशक नव्हते.

याहून बोलके उदाहरण सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'चे आहे. १९८८ साली सीमाशुल्क कायद्याखाली या पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातल्याचे साऱ्या देशाने धरून ठेवले होते. २०१९ साली एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात त्या बंदीला आव्हान दिले. सरकारी कार्यालयांना ती अधिसूचना सापडेना. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटले की अशी अधिसूचना अस्तित्वात नाही असेच आता धरावे लागेल. छत्तीस वर्षे लोक ज्याला बंदी म्हणत होते, तिचा कागदच कुणाला दाखवता आला नाही. तेव्हा "या पुस्तकावर बंदी आहे" असे कुणी म्हटले, की अगदी नम्रपणे विचारा : अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय?

दुसरा नेहमीचा मुद्दा अश्लीलतेचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २९२) विक्रीबरोबर भाड्याने देणे आणि वितरण करणेही येते, म्हणून ग्रंथालयाला हा विषय दुसऱ्याचा म्हणून सोडता येत नाही. पण विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना त्याच कलमात अपवाद आहे. मराठी वाचकाला यातला एक निकाल ठाऊक असायलाच हवा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडले. सुटा परिच्छेद न पाहता लेखन समग्र पाहावे लागते, असे न्यायालय म्हणाले. लैंगिक उल्लेख आहे एवढ्यावरून कादंबरी किशोरांनी वाचण्यायोग्य नाही असे ठरवले, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही आणि निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असेही त्या निकालात आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता'वरही असाच खटला झाला होता आणि तेही निर्दोष ठरले. आज तो संग्रह विद्यापीठांत शिकवला जातो.

न्यायालय नेहमीच लेखकाच्या बाजूने उभे राहते, असे मात्र समजू नका. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मुक्त केले, पण कवीवरचा आरोप कायम ठेवला. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तींच्या तोंडी घातलेल्या भाषेला वेगळी कसोटी लावली गेली. म्हणून आपली पद्धत भावनेवर न चालवता कागदावर चालवणे हेच शहाणपणाचे.

शांत काळातली तयारी

आक्षेप आल्यावर नियम करायला बसलात, तर तो नियम त्याच पुस्तकासाठी केला असे सगळे म्हणतील, आणि ते खरेही असेल. म्हणून काही वाद नसताना कार्यकारी मंडळाच्या सभेत एक ठराव करून घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभेतही तो वाचून दाखवा, म्हणजे उद्या मंडळ बदलले तरी सभासदांना तो माहीत असेल.

ठरावाचा पहिला भाग ग्रंथनिवडीचे धोरण. दोन पाने पुरे. पुस्तके कोण निवडतो, कशाच्या आधारावर निवडतो, वाचकांच्या मागणीला किती स्थान आहे, बाल विभागासाठी वेगळा विचार कसा होतो. त्यात एक वाक्य जरूर घाला : "ग्रंथालयात पुस्तक असणे म्हणजे त्यातील मताला संस्थेची संमती असणे नव्हे." ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीतली 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' ही दोन सूत्रे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग केलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. धोरणात ती लिहाच, आणि खरेदीच्या यादीवरून नजर फिरवताना त्यांचा अर्थही लावा.

दुसरा भाग आक्षेपाचा अर्ज. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत असा अर्ज अनेक वर्षे वापरात आहे. तिथल्या ग्रंथालय संघटनेने ग्रंथालयांच्या हक्कांची सनद १९३९ सालीच स्वीकारली, तरी आक्षेप थांबलेले नाहीत. २०२३ साली त्या संघटनेने आक्षेप घेतल्या गेलेल्या ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांची नोंद केली. तिथे तयार याद्या घेऊन लोक येतात, शंभर-शंभर पुस्तकांच्या. त्यावरून आपण एक धडा घ्यावा : एका अर्जात एकच पुस्तक. अर्जातले प्रश्न असे ठेवता येतील :

१. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक.
२. आपले नाव, पत्ता, सभासद क्रमांक असल्यास तो. आपण स्वतःसाठी बोलत आहात की एखाद्या संस्थेच्या वतीने?
३. आपण पुस्तक पूर्ण वाचले आहे का? नसल्यास कोणता भाग वाचला?
४. नेमका आक्षेप कोणत्या पानांवरील मजकुराला आहे?
५. तो मजकूर कोणत्या वाचकाला, कोणत्या प्रकारे अपायकारक वाटतो?
६. पुस्तक कोणत्या विभागात आहे? ते दुसऱ्या विभागात असते तर आपला आक्षेप राहिला असता का?
७. या विषयावर ग्रंथालयाने दुसरे कोणते पुस्तक घ्यावे असे आपण सुचवाल?
८. ग्रंथालयाने काय करावे अशी आपली मागणी आहे?

सहावा आणि सातवा प्रश्न फार कामाचे आहेत. अर्ज भरता भरता माणूस विचार करू लागतो. पुष्कळदा त्याला पुस्तक हटवायचे नसते, ते चुकीच्या हाती पडू नये एवढेच हवे असते, आणि ते त्याच्या स्वतःच्याही या प्रश्नांपाशी येऊन लक्षात येते.

तिसरा भाग वाचन समिती. पाच जणांची असावी : ग्रंथपाल, मंडळाचा एक सदस्य, आणि मंडळाबाहेरचे तीन वाचक. त्यात निदान एक स्त्री आणि एक शिक्षक असावा. नावे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. राजकीय पक्षाचा पदाधिकारी घेऊ नका, कुठल्याच पक्षाचा. वेळेच्या मर्यादाही ठरावातच लिहा. अर्जाची पोच त्याच दिवशी, समितीचा अहवाल ४५ दिवसांत, निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत कार्यकारी मंडळाकडे अपील. एकदा निर्णय झालेल्या पुस्तकावर नवे कारण नसेल तर तीन वर्षे पुन्हा अर्ज घ्यायचा नाही.

आणि ठरावातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य : "निर्णय होईपर्यंत पुस्तक नेहमीच्या जागी राहील व सभासदांना नेहमीप्रमाणे दिले जाईल." समितीसाठी प्रती लागतील, त्या संस्थेने वेगळ्या विकत घ्याव्यात. कपाटातली एकुलती एक प्रत वाचायला नेऊन समितीनेच पुस्तक अडवून ठेवले, असे होऊ देऊ नका.

टेबलाशी आक्षेप येतो तेव्हा

पहिली दहा मिनिटे ऐकण्यासाठी ठेवा. माणूस चिडलेला असतो, बहुधा त्याला खरेच काही लागलेले असते. त्याला बसायला सांगा, पाणी द्या. संवाद साधारण असा जाऊ शकतो :

"काका, बसा ना. कुठलं पान म्हणताय?"

"पान कसलं, अख्खं पुस्तकच तसलं आहे. माझी नात घेऊन आली घरी. चौदा वर्षांची पोर आहे."

"तिनं बाल विभागातून घेतलं का मोठ्यांच्या कपाटातून?"

"तिच्या आईच्या कार्डावर आणलं."

"बरं. तुमचं म्हणणं मी लिहून घेते, म्हणजे समितीपुढे जाईल. हा अर्ज आहे, इथे भरा किंवा घरी न्या. पोच लगेच देते. मला एकटीला पुस्तक काढायचा अधिकार नाही, आणि ठेवायचाही नाही. समिती वाचून ठरवते."

शेवटची दोन वाक्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ हवीत. त्यात वाद नाही, पुस्तकाची वकिली नाही, आणि खोटे आश्वासनही नाही. "बघतो, काढून टाकू" असे कधीही म्हणू नका. समोरचा माणूस तेच वाक्य बाहेर जाऊन सांगतो आणि मग माघार घेणे दोन्ही बाजूंना जड जाते. टेबलाशी साहित्यचर्चाही करू नका.

अर्ज भरायला नकार दिला, तर सूचना वहीत तारीख, वेळ आणि आक्षेपाचा गोषवारा लिहून ठेवा, पण कारवाई सुरू करू नका. लिहिता न येणाऱ्या वाचकाचा अर्ज कर्मचाऱ्याने लिहून द्यावा आणि वाचून दाखवावा. नियमाच्या आडून कुणाला परतवून लावू नये. फोनवर आलेल्या आक्षेपालाही हेच उत्तर : "अर्ज पाठवतो, भरून द्या." फोन कुणाचा होता यावरून उत्तर बदलले, की पद्धत तिथेच मोडली.

समितीने वाचायचे कसे

प्रत्येक सदस्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि एक पानाचे टिपण स्वतंत्रपणे लिहायचे. आधी एकमेकांशी बोलायचे नाही. टिपणात तीन गोष्टी याव्यात : आक्षेप घेतलेला मजकूर पुस्तकात कशासाठी आला आहे, तो काढला तर पुस्तकाचे काय होईल, आणि हे पुस्तक कोणता वाचक शोधत येईल. 'मला आवडले' किंवा 'मला आवडले नाही' याला टिपणात जागा नाही. मग एकत्र बसून अहवाल. मत विभागले गेले तर तसे लिहा, विरोधी मताची कारणेही लिहा.

आक्षेपांचे प्रकार मात्र सारखे नसतात, आणि सगळ्यांना एकच उत्तर देणे चुकीचे.

काही आक्षेप बरोबरच असतात. कायदा बदलल्यावरही कपाटात राहिलेले जुने कायद्याचे मार्गदर्शक किंवा कालबाह्य औषधोपचार सांगणारे आरोग्याचे पुस्तक वाचकाचे नुकसान करू शकते. अशी पुस्तके नेहमीच्या निर्लेखनाच्या (पुस्तक रद्द करून संग्रहातून वगळण्याच्या) ठरावाने काढा आणि आक्षेप घेणाऱ्याचे आभार माना.

लैंगिक वर्णनाबद्दलच्या आक्षेपात 'श्यामा'च्या निकालातली कसोटी लावा : समग्र पुस्तक, आजचा समाज, लेखनाचा हेतू. प्रौढांच्या विभागातले पुस्तक प्रौढांच्या विभागातच राहील, एवढे बहुतेक वेळा पुरते.

बाल विभागाचा प्रश्न खरोखर नाजूक आहे. आठ वर्षांच्या मुलासाठी अमुक पुस्तक योग्य नाही, असे म्हणणारे पालक सेन्सॉर नसतात. आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, तो मान्य करा आणि हवे असल्यास त्या मुलाच्या कार्डावर तशी नोंद घ्या. दुसऱ्यांच्या मुलांसाठी ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. वयात येण्याविषयीची शास्त्रीय माहिती देणारी पुस्तके या आक्षेपात वारंवार सापडतात. ती बाल विभागातून किशोर विभागात हलवणे ठीक, पण तिथून ती 'मागितल्यास मिळेल' अशा कपाटात गेली की संपली. पाळीबद्दलचे पुस्तक टेबलावर सगळ्यांदेखत मागणारी मुलगी तुमच्या गावात आहे का? नसेल, तर ते पुस्तक ग्रंथालयात असून नसल्यासारखे. र. धों. कर्व्यांना लैंगिक विषयांवर शास्त्रीय माहिती देणाऱ्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी न्यायालयात उभे राहावे लागले होते, आणि त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली होती. ज्या माहितीसाठी त्यांनी एवढे सोसले, ती आपण संकोचापायी कुलपात घालू नये.

जातीच्या अवमानाबद्दलचा आक्षेप समितीने सर्वांत काळजीपूर्वक ऐकावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या जुन्या म्हणींच्या संग्रहांत, नाटकांत, गाजलेल्या कादंबऱ्यांत जातींची नावे शिवीसारखी वापरलेली सापडतात. पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द अंगावर झेललेला माणूस तक्रार करतो, तेव्हा त्याला 'भावना दुखावल्या' म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभे करणे अन्याय आहे. इथे समितीत त्या अनुभवाचा एक तरी वाचक हवाच, नसेल तर त्या बैठकीपुरता बोलवा. तरी पुस्तक फाडून टाकणे हा इलाज नव्हे. म्हणींचा संग्रह संदर्भ विभागात ठेवा, बाल विभागात त्याची प्रत असेल तर ती हलवा, शाळकरी मुलांसाठी निवडक म्हणींचे दुसरे पुस्तक घ्या. आणि मग स्वतःच्या कपाटाकडे बघा : दलित आत्मकथने किती आहेत, त्यांच्या फाटलेल्या प्रतींच्या जागी नव्या घेतल्या का? अपमान करणारे पुस्तक आहे आणि त्याला उत्तर देणारे नाही, असे असेल तर आक्षेप घेणाऱ्याचे निम्मे म्हणणे खरे आहे.

धर्म आणि इतिहासपुरुष यांच्याबद्दलच्या पुस्तकांत अहवाल जास्त नेमका लिहा. पृष्ठ क्रमांक, लेखकाने दिलेले आधार, त्याच विषयावर आपल्याकडे असलेली दुसऱ्या बाजूची पुस्तके, आणि जप्तीची अधिसूचना आहे की नाही याची नोंद. 'मादोरुबागन' या पेरुमाळ मुरुगन यांच्या तमिळ कादंबरीच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले होते की वाचण्याची सक्ती कुणावरच नाही, आवडले नाही तर पुस्तक बाजूला ठेवावे. अशा अहवालात हा निकाल नोंदवण्यासारखा आहे.

समितीपुढे पर्याय चार : आहे तिथे ठेवणे, दुसऱ्या विभागात हलवणे, संदर्भासाठी ठेवणे, निर्लेखन. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाला एक अट जोडा. हलवलेले पुस्तक यादीत दिसले पाहिजे, आणि मागणाऱ्याला कारण न विचारता मिळाले पाहिजे. ती अट नसेल तर कार्यवाहांच्या केबिनलाही कुणीतरी 'संदर्भ विभाग' म्हणेल.

उत्तराचे पत्र

पत्र लहान, आदराचे आणि कारणे देणारे असावे. एक नमुना :

"सप्रेम नमस्कार. आपला दि. … चा आक्षेप-अर्ज वाचन समितीपुढे ठेवण्यात आला. समितीच्या पाचही सदस्यांनी पुस्तक पूर्ण वाचले. पृष्ठ … ते … वरील प्रसंग कथेतील मुख्य पात्राचे शोषण दाखवण्यासाठी आला आहे, त्याचे समर्थन पुस्तकात नाही, असे समितीचे मत झाले. पुस्तक प्रौढ विभागात असून तेथेच ठेवावे, असा निर्णय झाला आहे. आपण सुचवलेले … हे पुस्तक खरेदीच्या यादीत घेतले आहे. निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत कार्यकारी मंडळाकडे अपील करता येईल. आपण वेळ काढून लेखी मत दिलेत, याबद्दल आभार."

जावक क्रमांक घाला, प्रत फाइलला लावा. निर्णय सूचना फलकावर लावताना अर्जदाराचे नाव देऊ नका. गावात त्याचीही बदनामी होता कामा नये.

जमाव येतो, तेव्हा

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ज्या पुस्तकावरून राग होता ते, म्हणजे वर आलेले जेम्स लेन यांचे पुस्तक, प्रकाशकाने आधीच बाजारातून मागे घेतले होते, आणि संस्थेने ते छापलेलेही नव्हते. तरी पोथ्या, ग्रंथ, कपाटे यांची नासधूस झाली. तेव्हा 'आपण छोटे ग्रंथालय, आपल्याकडे कोण येतंय' असे धरून चालू नका.

धमकी आली की त्याच दिवशी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही प्रत पाठवा. ग्रंथपालाला एकटे बसवू नका, मंडळाचे दोन सदस्य सोबत असू द्या. लोक दारात आलेच तर निवेदन स्वीकारा, पोच द्या, ११२ वर फोन करा. वाचक आणि कर्मचारी आधी बाहेर काढा. कुठल्याही पुस्तकासाठी कुणी मार खावा अशी अपेक्षा करू नये. जमावासमोर पुस्तक काढून देऊ नका, त्यांच्या मोबाइलवर माफीही मागू नका. "समितीकडे अर्ज द्या" एवढेच बोला आणि माध्यमांशी फक्त अध्यक्षांनी बोलायचे असे ठरवा. निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही, ती सुरक्षित ठेवणे हे शासनाचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात सांगितले आहे. पोलिसांना द्यायच्या अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

आणि दाखल नोंदवहीची स्कॅन केलेली प्रत इमारतीबाहेर कुठेतरी ठेवा. दुर्मीळ पुस्तके असतील तर आधी त्यांची.

पोलिस किंवा अधिकारी पुस्तक मागायला आले, तर

सहकार्य करा आणि कागद मागा. पुस्तक सरकारजमा घोषित झाले असेल तर पोलिसांना ते कुठेही ताब्यात घेता येते, पण जागेत शिरून झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्यांचे वॉरंट लागते, आणि ते पोलिस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नावे असते. अधिसूचनेची प्रत फाइलला लावा, पंचनाम्याची प्रत घ्या, दाखल नोंदवहीत शेरा मारा. 'वरून सांगितलंय' एवढाच आधार असेल, तर ते लेखी द्या अशी विनंती करा आणि कार्यवाहांना व वकिलांना कळवा. एका वकिलाचा नंबर कर्मचाऱ्यांकडे आधीपासून असावा.

पुस्तक कुणी नेले होते, हे विचारले तर जास्त सावध राहा. कोण काय वाचतो ही माणसाची खासगी बाब आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश आला तर माहिती द्यावी लागेल, तोंडी चौकशीला नाही. गावातल्या कुणा पुढाऱ्याने, सभासदाच्या वडिलांनी किंवा नवऱ्याने विचारले तर मुळीच नाही. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक लिहितात. पुस्तक उघडले की आधी कुणी वाचले हे कुणालाही कळते. तिथे फक्त परतीची तारीख लिहा, क्रमांक देवघेव नोंदीतच राहू द्या.

वाचकाच्या हाती काय आहे

एखादे पुस्तक सतत 'बाहेर' असेल, तर त्याची लेखी मागणी नोंदवा आणि पुस्तक राखून ठेवायला सांगा. परतीची तारीख विचारा. दोन वेळा उत्तर मिळाले नाही, तर कार्यवाहांना पत्र लिहा : पुस्तक दाखल नोंदवहीत आहे का, गहाळ आहे का, की काढले आहे, आणि कोणत्या ठरावाने? सभासद असाल तर वार्षिक सभेत हाच प्रश्न विचारा. भांडू नका, ग्रंथपालाला कोंडीत पकडू नका. अनेकदा त्यालाही कुणीतरी हा प्रश्न सभेत विचारायला हवाच असतो.

वाचन समितीवर काम करायला नाव द्या. चाळीस पानांचा कंटाळा न करता पूर्ण पुस्तक वाचणारी माणसे मिळत नाहीत, ही मंडळांची खरी अडचण आहे.

जे पुस्तक घेतलेच नाही

आक्षेपाच्या भीतीने न घेतलेल्या पुस्तकावर कुणीही आक्षेप घेत नाही. म्हणून वर्षातून एकदा, अनुदानाची खरेदी ठरवण्यापूर्वी, ग्रंथनिवड समितीने मागणी वही समोर ठेवून बसावे. वाचकांनी मागितलेली आणि आपण न घेतलेली पुस्तके बाजूला काढावीत आणि प्रत्येकापुढे कारण लिहावे : किंमत, उपलब्धता, जागा, की दुसरेच काही. ज्या पुस्तकापुढे लिहिण्याजोगे कारण सापडणार नाही, ते त्या वर्षीच्या खरेदीत घ्यावे.

याच बैठकीत आक्षेपांची फाइलही उघडावी. किती अर्ज आले, कोणत्या पुस्तकांवर, निर्णय काय झाले, अपिले किती, हे अर्ध्या पानात मांडून वार्षिक अहवालात छापावे, अर्जदारांची नावे वगळून. एकही अर्ज आला नसेल तर तसेही छापावे, आणि कार्यालयातले कुलपाचे कपाट उघडून आत कोणती पुस्तके आहेत, त्यांची यादी त्याच बैठकीत करावी.